हातभर कापूस

शहाद्याच्या बाजारात त्या दिवशी डांबराचा एकच डबा उरला होता, आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक मयूरीचा. दुसरा केसांत लाकडाचा भुसा घेऊन फिरणाऱ्या एका उंच पोराचा.

"आधी मी उनी," मयूरी म्हणाली.

"पण हात आधी मन्हा पडना. तुले कसाले पाहिजे डांबर? सडक बांधी ऱ्हायनी का?"

"होडीले पाहिजे."

त्याचं हसू तिथेच थांबलं. "लाकडी होडी? कितली जुनी?"

"आबानी शे. नऊ वरीस आंगणात पालथी पडेल शे."

"मंग नुसतं डांबर लाईसन काय व्हई? सांधे बठ्ठा मोकळा व्हई गया असतीन. कापूस भरना पडी..."

डबा मयूरीनेच घेतला. आणि दुसऱ्या दिवशी, डब्याच्या मागोमाग म्हणावं तसा, तो तिच्या अंगणात हजर झाला.

हेमकांत त्याचं नाव, धानोऱ्याचा. मयूरीसारखाच भोयाचा, मासेमाराचा पोरगा, पण आजा होड्या बांधायचा म्हणून ह्याच्या हातात जाळ्याऐवजी पटाशी आली. सुरतेला फर्निचरच्या कारखान्यात चार वर्षं काढली आणि कंटाळून परत आला. मयूरीचा बाप रूपचंद, म्हणजे तिचा आबा, नऊ वर्षं साखर कारखान्यावर राखणदारी करून तसाच कंटाळला होता. त्याला पुन्हा तापीत उतरायचं होतं. दोन कंटाळलेल्या माणसांचं लगेच जमलं. तिसरीला कंटाळा कसला तो ठाऊकच नव्हता, आणि हेमकांत आल्यापासून तर मुळीच नाही.

किडक्या फळ्या निघाल्या, सागाच्या नव्या बसल्या. मग सांधे भरायचं काम आलं. मयूरी जिथे वेचणीला जायची त्या रतिलालभाईंच्या शेतातला कापूस पिंजून त्याच्या जाड वाती वळायच्या, तेल-डांबरात भिजवायच्या आणि फळ्यांच्या फटींत पटाशीने ठोकून बसवायच्या. वाती वळायला मयूरी बसली.

"देवना दिवाले वाती करी ऱ्हायनी का? जाड कर."

"मन्ह्या वाती अश्याच ऱ्हातीस. तुन्ह्या फटी बारीक कर."

अंगणात ठोकाठोक चालायची, निंबाची पिवळी पानं होडीत पडायची, आणि तो एकेक पान उचलून तिच्या वातींच्या टोपलीत टाकायचा. शांतीबाई, म्हणजे मयूरीची माय, ओट्यावरून बघायची आणि भाकरी करपवायची.

तो गेल्यावर एका संध्याकाळी मयूरीने काय करावं? केसातला आकडा काढला आणि नुकत्याच भरलेल्या फटीतून बोटभर कापूस उपसून ठेवला. तेवढाच उद्या त्याला उशीर होईल, म्हणून.

सकाळी त्याने फटीवरून बोट फिरवलं आणि हुंकारला. "काल उंदीर उना व्हता वाटस."

"उंदीर कसाना? मांजर व्हई."

"मांजरले सांग, मी ऱ्हासू तव्हय येत जाय..."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेव्हापासून तो खेळच झाला. दर संध्याकाळी मांजर यायची, दर सकाळी तो बोट फिरवायचा, सापडलं की हसायचा आणि पुन्हा भरायचा. उपसलेला कापूस ती पावडरच्या रिकाम्या डब्यात साठवायची. वेड्यासारखंच होतं, पण प्रेमात शहाणं कोण असतं?

काम संपत आलं तशी त्याची चेष्टा कमी झाली. एका दुपारी खाली बघत, पटाशीला धार लावत तो म्हणाला, "ही होडी तरनी ना, तं तुमना भोईवाडाना जालमसिंगनी न दोधूकाकानी होडी माले दुरुस्तीले भेटी. दोन्हीस्नी तसं सांगं शे. मंग मी सुरतले नही जाव. अठेच ऱ्हासू. आनि..."

"आनि काय?"

"आनि आबाले एक गोट इचारसू."

"डांबरनी?"

"डांबरना डबा कोना घर जाई, ती."

मयूरीने तोंड फिरवलं. हसू आवरता आवरत नव्हतं.

गुरुवारी नारळ फोडून होडी पाण्यात सोडायची ठरली. सोमवारी डांबराचा शेवटचा हात बसला. आता दोन दिवस नुसती वाळायची, आणि बुधवारी हेमकांत येऊन शेवटचं तपासणार होता. मंगळवारी संध्याकाळी मयूरीला वाटलं, ही शेवटची मांजर. मग बोटभर कशाला? मागच्या बाजूच्या, आतल्या सांध्यातून तिने चांगला हातभर कापूस काढला. उद्या काय तोंड करेल, या विचारानेच तिला गुदगुल्या होत होत्या.

बुधवारी पहाटे ती शेतात कापूस वेचायला गेली. इकडे दोधूकाका धावत आला, बंधाऱ्याची दारं उघडली आहेत, मासळी नुसती उसळते आहे. रूपचंदचा जीव राहीना. नारळ उद्या फोडू म्हणाला. आपल्या माणसाच्या हातचं काम, तपासायचं काय त्यात? दोघांनी होडी ट्रॉलीत चढवली आणि नदीवर नेली.

मयूरी परतली तर अंगण रिकामं. पायातली चप्पल कुठे गळाली हेही तिला कळलं नाही, अशी ती काठाकडे पळाली.

होडी मध्यावर जाऊन पाण्याने भरली होती. दोघं कसेबसे पोहून निघाले होते, नवं जाळं वाहून गेलं होतं. पोरांनी दोर बांधून होडी काठाला ओढली होती. सगळा भोईवाडा जमला होता, आणि हेमकांत नुकताच येऊन उभा होता.

"आज मन्ही बायकोनं कुंकू पुसाई जातं!" रूपचंद थरथरत ओरडला. "सुरतले पाट्या ठोकनारा तू, तुन्हा हातमा होडी दिधी, मीच येडा!"

हेमकांत वाकला. मागच्या सांध्यात बोट घातलं. ते हातभर सरकत गेलं.

त्याने मान वर केली आणि मयूरीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं... वाट बघत.

बोलायचं होतं तिला. पण बोलायचं म्हणजे सगळंच सांगायचं, आकडा, मांजर, डबा, सगळ्या भोईवाड्यासमोर, थंडीने काकडणाऱ्या बापासमोर. तिने खाली बघितलं.

"मन्ही चूक व्हयनी, आबा," हेमकांत म्हणाला.

जालमसिंगने तिथल्या तिथे सांगितलं, आपली होडी आपण दुसऱ्याला देऊ. दोधूकाकाने तर तोंडच फिरवलं.

मयूरीने मायला त्याच दुपारी सांगितलं. माय म्हणाली, "चूप ऱ्हाय." ती आठ दिवस चूप राहिली. नवव्या दिवशी बाप जेवायला बसला तेव्हा तिने पावडरचा डबा त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. रूपचंदने हात धुतला. रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं. सकाळी टोपी घालून म्हणाला, "चाल धानोराले."

हेमकांत अवजारं गोणपाटात बांधत होता. दुपारच्या गाडीने सुरत.

रूपचंदने हात जोडले. "पोऱ्या, चूक तुन्ही नव्हती. मी चार लोकमा सांगसू. होड्या तुलेच भेटतीन. आनि... तुले जे इचारनं व्हतं, ते आज इचार. मी हो म्हनस."

हेमकांतने गोणपाटाच्या दोरीला गाठ मारली.

"आबा, माले माहीत व्हतं. बोट घालं तव्हयच." मग तो तिच्याकडे वळला. आवाज चढला नाही. "कापूसना माले राग नही, मयूरी. कापूस मी रोज भरतू. पन तू तठे उभी व्हती... मी तुन्हाकडे दखी ऱ्हायनू, आनि तू पायकडे."

"मी घाबरी गई व्हती."

"मी बी घाबरी गयतू," तो म्हणाला. "पुढे कव्हय असाच चार लोकमा मी एकटा पडनू, तं तू परत पायकडेच दखशी. माले आते तेच दिसस."

दुपारी सुरतेची गाडी आली, आणि तो चढला.

होडी काठच्या उथळ पाण्यात पंधरा दिवस बुडून होती. फळ्या फुगल्या आणि सांधे असे बसले की आता थेंबही आत येत नाही. रूपचंद रोज ती घेऊन मासे धरायला जातो. तो एक हातभर सांधा मयूरीने स्वतः भरला, डब्यातल्याच कापसाने. कोणी विचारलं, होडी कोणी केली, तर ती मान वर करून मोठ्याने सांगते, "हेमकांतनी." चार लोकांत सांगते. ऐकायला तो नसतो.