स्क्रूची क्लिप

लाँच यायला अजून अर्धा तास आहे. बसा, सांगते.

पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात मी दोऱ्या जोडते. श्वास रोखून मासे मारायला उतरतात ना, त्यांच्या मागे एक लांब दोरी असते आणि तिच्या वरच्या टोकाला लाल फ्लोट. खालचं टोक भाल्याच्या बंदुकीला लावायचं, माणसाला नाही. क्लिप अशी हवी, की एका हाताने, एका झटक्यात सुटावी. नवख्या गिऱ्हाइकाला हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस येतो.

माझ्या नवऱ्याच्या दोन बंदुका माशांनी ओढून नेल्या. तिसरी आणली तेव्हा मी फार बडबडले. ते हसून म्हणाले, "मग मलाच बांधून ठेव ना." आणि मी, एवढी जाणती बाई, रागाच्या भरात खरंच त्यांच्या कंबरपट्ट्याला दोरी लावून दिली. शिवाय सुटू नये म्हणून स्क्रूची क्लिप, फिरवून फिरवून उघडावी लागते ती. माझं मन राखायला ते तसेच उतरले. दोरी खाली खडकात अडकली. त्यांचा देह वर काढला, तेव्हा स्क्रू अर्धा फिरलेला होता. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

महिन्याभराने घरातल्या वस्तू सुटायला लागल्या. पर्सचं बटण, लेकीच्या दप्तराचं बकल, माझ्या गळ्यातली साखळी. ओल्या रबराचा वास यायचा, मग कट्... एवढाच आवाज. मला भीती वाटत नसे. मी पोटभर रडायचे आणि म्हणायचे, सोडवा, हवं ते सोडवा.

पण एका दुपारी सात वर्षांची लेक जिन्याच्या फाटकाला टेकून उभी होती आणि फाटकाची कडी आपसूक उचलली गेली. मी तिला फ्रॉकला धरून मागे खेचलं. कुठली पकड बुडवते आणि कुठली सांभाळते, हे त्यांना आता कळत नव्हतं.

तिला नणंदेकडे, पलीकडच्या काठाला ठेवायचं ठरवलं. लाँचमध्ये तिच्या लाइफ जॅकेटचं बकल तीनदा सुटलं. चौथ्यांदा मी ते मुठीत दाबून धरलं. थंडगार बोटं माझ्या बोटांमध्ये शिरू लागली. त्यांत जराही जबरदस्ती नव्हती. झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं, तशी ती चाचपत होती.

"अहो," मी पुटपुटले, "हे राहू द्या... हे तिला तरंगत ठेवतं."

धक्क्याला लागल्यावरही माझी मूठ उघडेना.

लेकीला सोडून मी परत आले. त्यानंतर घरात काहीच सुटलं नाही. कड्या जागच्या जागी, साखळी गळ्यात. आठवडाभर मी सुटकेचा श्वास घेतला, आणि खरं सांगते, मला त्यांची आठवणही फार आली. घर खायला उठलं होतं.

मघाशी नणंदेचा फोन आला. लेक मजेत आहे म्हणाली, नीट जेवते, झोपते. फक्त तिच्या खोलीच्या खिडकीची कडी टिकत नाही, तीनदा बदलून झाली.

"ताई, ती खोली कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. का गं वहिनी?" मग ती हसली. "तुझी लेक मला कडी लावूच देत नाही बघ. म्हणते, राहू दे आत्या... बाबा मला सोडवताहेत."