रिकाम्या जागेवरून आलेलं हेरयान

दुपारचं जेवण उरकायचं, बाबांना गोळ्या द्यायच्या, त्यांच्या खोलीचा पडदा ओढून घ्यायचा, की पुढचा एक तास तिचा. त्या तासात ती हेरगिरी करायची.

हेरगिरी म्हणजे खेळातली. इंटरनेटवरच्या एका अंतराळयुद्धाच्या खेळात तिच्या आघाडीचे बावीस जण होते. लढायला सगळेच पुढे. पण शत्रूच्या ग्रहांवर छोटी हेरयानं पाठवायची, कुणाकडे किती साठा, किती जहाजं, कोण कधी जागा असतो, हे डोळ्यांत तेल घालून टिपायचं, हे किचकट काम तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. आघाडीत तिला सगळे ‘टिटवी’ म्हणत. कुठे खुट्ट झालं की पहिली ओरडणार ती, म्हणून.

एरवीही ती तशीच. दाराची बेल वाजली तरी दचकायची. घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम ती घरूनच करी, आणि बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनपासून तर घराबाहेर पडणंही जवळजवळ बंद झालं होतं. “जिना अजून पंधरा दिवस विसरायचा,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बाबा निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. “जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आणि स्वतः बसलोय अधांतरी,” हा त्यांचा ठरलेला विनोद.

त्या आठवड्यात तिच्या ग्रहावर सलग तीन दिवस एकच सूचना आली होती. ‘परकं हेरयान दिसलं.’ तिच्यावरही कुणी नजर ठेवणार, यात नवल नव्हतं. नवल होतं ते हेरयान जिथून आलं त्या जागेचं. नकाशावर तिथे कुणाचाच ग्रह नव्हता. काळा चौकोन, बस्स.

तिने आघाडीच्या म्होरक्याला फोन लावला. तो मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

“मास्तर, रिकाम्या जागेवरून हेरयान कसं येईल हो?”

“येणार नाही. अहो काका, ब्रेक! ब्रेक दाबा... हं, बोल. खेळातली गडबड असेल गं.”

“तीन दिवस रोज तीच गडबड?”

“टिटवी, तू एक काम कर. तूच पाठव तिथे एखादं. काही निघालं तर मला सांग, नाही निघालं तर मात्र झोप काढ दुपारची. काका, तो आरसा मागचं बघायला असतो, भांग पाडायला नाही...” आणि फोन बंद झाला.

रिकाम्या जागेवर हेरयान पाठवायची सोयच खेळात नसते. बटणच दिसत नाही. त्या दुपारी ते दिसत होतं. तिने एक यान पाठवलं.

पलीकडच्या खोलीत बाबांचा श्वास वाजत होता, बारीक शिट्टी वाजावी तसा. पडद्याच्या फटीतून ऊन येत होतं, तरी खोलीत स्पिरिटचा आणि मलमाचा कोंदट वास भरून राहिला होता. मिनिटभरात यान परतलं. एका यानात फक्त साठ्याची माहिती मिळते. तिने वाचली.

पाणी : दीड बाटली. गोळ्या : अकरा.

हा कसला साठा? या खेळात धातू असतो, इंधन असतं. ती उठली, बाबांच्या उशाशी गेली. एक भरलेली बाटली, एक अर्धी. गोळ्यांच्या पाकिटावरून बोट फिरवत तिने मोजल्या. अकरा.

दुसरी कुणी असती तर तिथेच फोन बंद करून बाबांजवळ बसून राहिली असती. पण हेरगिरी करणाऱ्याला एक खोड लागते. अर्धवट अहवाल त्याला पाहवत नाही. अहवाल अपुरा आला की यानांची संख्या दुप्पट करायची, म्हणजे पुढचा थर उघडतो. तिने दोन पाठवली.

दारं : एक. पहारा : एक, जागी.

चार पाठवली.

मोलाचं : एक. झोपलेलं. हालचाल : सतरा मिनिटांपूर्वी.

सतरा मिनिटांपूर्वी बाबा कुशीवर वळले होते. पलंग करकरला होता, तिने ऐकलं होतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की समोर जे कुणी होतं, त्याने तीन दिवस या घराची टिपणं काढली होती, आणि आता ती त्याचीच टिपणं वाचत होती.

आणि तरीही तिच्या बोटांनी आठ पाठवली. सवयीने.

जास्त यानं पाठवली की पकडलं जाण्याची भीती जास्त, हे आघाडीतल्या प्रत्येक नवख्याला तिनेच शिकवलं होतं. आठांपैकी एकही परतलं नाही. फोनच्या माथ्यावर लाल ओळ उमटली. परकं दल निघालं. पोहोचण्याची वेळ, ४:१२.

तेव्हा साडेतीन वाजत होते.

लाल ओळ म्हणजे हल्ला. ती उघडून वाचत बसायची तिला गरज वाटली नाही. अशा वेळी काय करायचं हेही तिला पाठ होतं. समोरचा बलाढ्य असेल तर लढायचं नाही. जे मोलाचं असेल ते उचलायचं, दल पोहोचायच्या आत लांब न्यायचं, आणि त्याला रिकाम्या हाती परत जाऊ द्यायचं.

“बाबा, उठा. खाली जायचंय.”

“अं? खाली? अगं, डॉक्टर...”

“गॅसचा वास येतोय.”

बाबांनी हुंगून पाहिलं. “मला नाही येत. थांब, नळी बघू दे...”

“बाबा, आधी खाली!”

ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग चपला शोधू लागले. “हात केवढे गार पडलेत गं तुझे,” एवढंच म्हणाले.

दार ओढून तिने कुलूप घातलं. जिना चोपन्न पायऱ्यांचा. दर सहा पायऱ्यांना ते थांबत, कठडा धरून श्वास घेत, आणि ती त्यांच्या छातीकडे बघत राही. हे आपण काय करतोय? एका खेळापायी? जिन्यातच काही झालं तर... पण वळणावर फोन पाहिला, तर लाल ओळ होतीच. सोळा मिनिटं उरली होती.

खाली इस्त्रीच्या दुकानासमोर बाक होता. तिथे ती दोघं बसली. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता, मग हळूहळू रंग आला. दुकानातून गरम कापडाचा वास येत होता. ४:१२ झाले. लाल ओळ गेली.

काही झालं नाही. वर खिडकी जशीच्या तशी. इस्त्रीवाल्याने एक सदरा उलटवला. ती साडेचारपर्यंत तशीच बसून राहिली, आणि मग तिला रडूच आलं.

“गेला वास?” बाबांनी विचारलं.

“गेला, बाबा.”

वर चढायला वीस मिनिटं लागली. दारापाशी बाबा भिंतीला टेकून दम खात उभे राहिले. किल्ली काढता काढता तिने फोनही काढला. दल परत कधी पोहोचतं ते टिपून ठेवायचं, ही शेवटची शिस्त. हल्ला करून निघालेल्या दलाला परतीची वेळ असतेच. तिने सूचना उघडली.

दल पोहोचलं. हेतू : मुक्काम.

परतीची वेळ नव्हती. मुक्कामाला नसतेच.

“उघड ना गं, पाय भरून आलेत,” बाबा म्हणाले.

दुसरीकडे कुठे जायचं? पुन्हा चोपन्न पायऱ्या त्यांना झेपणार नव्हत्या. तिने किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतली साखळी लावलेली होती. ती आतूनच लावता येते.

फटीतून काही दिसत नव्हतं. आतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा श्वास ऐकू येत होता, दुपारी बाबांच्या खोलीतून येत होता तसाच. तिने वळून बाबांकडे पाहिलं. ते दम खाऊन आता शांत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, नुसता कंटाळा होता, आत कुणी असणं रोजचंच असल्यासारखा.

“अगं, बघत काय बसलीस?” ते म्हणाले. “त्याला सांग ना साखळी काढायला.”