चौदा नंबरचा जोड

तडा डोळ्यांना दिसत नव्हता. तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर मात्र तो स्पष्ट उमटला. साठ मिलिमीटर जाड पोलादाच्या पोटात, चांगला हातभर लांब.

"शिक्का कुणाचा?" योगिनीने विचारलं. टाकी तपासायला ग्राहकाने तिला रत्नागिरीला धाडलं होतं. तडा सापडला नसता, तर पुढच्या महिन्यात याच टाकीत दाबाखालचा वायू भरला गेला असता. टाकी फुटली असती.

प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकतो. इथे चौदा होता.

"भागोजीचा," मॅनेजर अजिंक्य म्हणाला. "बावीस वर्षं इथे काम करणारा माणूस. पण परवान्याचं कार्ड रद्द करावंच लागेल." कार्ड गेलं की वेल्डरचं पोट गेलं.

"तडा माझ्या जोडात हाय," भागोजी खालमानेने म्हणाला, "तर चूक माझीच."

इतक्या झटपट कबूल होणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. संत योगिनीला या धंद्यात अजून भेटला नव्हता.

"हा जोड कधी मारलात, काका?"

"सोमवारी."

"आणि बाकीचे?"

"आदल्या आठवड्यात."

ते सगळे निर्दोष होते. हात तोच, पोलाद तेच. मग सोमवारी काय बदललं? वेल्डिंगचे रॉड दमट असले की असा तडा आतून, उशिरा पडतो. म्हणून ते साडेतीनशे अंशांवर भट्टीत भाजतात आणि वापरेपर्यंत गरम ठेवतात.

ती स्टोअरमध्ये गेली. भट्टी सांभाळणारा सर्वेश हा भागोजीचा जावई. त्याने लगबगीने खुर्ची दिली, हातात एक पुडीही ठेवली.

"यंदाची आमसुलं, मॅडम. आमच्या पावस गावची. याच आठवड्यात सुकली."

"सोमवारी भट्टी बंद होती का?"

"नाय ओ. रजिस्टर बघा."

रजिस्टरात दर तासाला ३५०. एकाच शाईत, एकाच दमात लिहिल्यासारखे. योगिनीने भट्टीचं दार उघडलं. जाळीच्या कोपऱ्यात मिठाचे खडे होते, आणि जळून काळा झालेला चिकट रस.

तिने अजिंक्य आणि भागोजीला तिथेच बोलावलं.

"आठवडाभर मळभ आहे, सर्वेश. ऊन नाही. मग आमसुलं सुकली कुठे?"

सर्वेशने भट्टीचं दार लोटून घेतलं.

"मी सांगते. रातांब्याच्या साली घरी कुजायला लागल्या, म्हणून सोमवारी त्या भट्टीत घातल्यास. साडेतीनशेला त्यांचा कोळसा झाला असता. म्हणून आच साठ-सत्तरवर आणलीस, भाजलेले रॉड बाहेर काढून ठेवलेस आणि रजिस्टरात खोटे आकडे भरलेस. रॉडांनी हवेतला दमटपणा शोषला. तेच तू सासऱ्यांना दिलेस."

सर्वेशने रजिस्टर मिटलं. "एका दिवसाने काय व्हतंय, असं वाटलं."

"काका, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं," भागोजी म्हणाला. "रॉड थंड लागला हाताला."

"मग?"

"जावई हाय, मॅडम. चार लोकांत त्याला कसा विचारू? माझ्या लेकीला, वेदिकेला नांदायचंय तिथं."

योगिनीला राग आला आणि वाईटही वाटलं. रॉड थंड आहे हे कळूनही जोड मारणाऱ्या माणसाचं कार्ड ती वाचवू शकत नव्हती. भागोजीने ते ओळखलं. खिशातला चौदा नंबर ठोकायचा पंच काढून त्याने टेबलावर ठेवला.

सर्वेश रडत होता.

"मामा, एकदा तरी ओरडायचं व्हतंत माझ्यावर."

भागोजीने त्याही वेळी जावयाला उलटून उत्तर दिलं नाही.