भिंतींना पाणी

भुताची गोष्ट म्हटली की लोक मध्यरात्र शोधतात. ही भरदुपारची आहे. आणि खरी आहे. ज्या घरात घडली, तिथे माझी मावसबहीण, आमची ताई, आजही राहते.

घर पाहावं बांधून म्हणतात. ताईच्या सासऱ्यांचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, म्हणून पाया खोदल्यापासून ते रोज दुपारी बांधकामावर हजर. भिंतींवर पाणी मारायचं काम त्यांनी मिस्त्रीकडून हट्टाने मागून घेतलं होतं. पाणी कमी पडलं की सिमेंट कच्चं राहतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पाइप घेऊन निघाले की मजूर म्हणायचे, पाणीखातं आलं.

स्लॅब भरून झाला आणि सासरे गेले. झोपेतच.

काम थांबलं नाही. आतलं प्लास्टर झालं. ताई दुपारी बघायला गेली, तर भिंती ओल्याचिंब. तिला वाटलं, मिस्त्रीने पाणी मारलं. मिस्त्रीला वाटलं, ताईने.

दोघंही एकमेकांवर खूश होते...

पुढे पाणी मारायची गरज संपली. तरी भिंती ओल्याच. रंगारी यायचा, बोट लावून परत जायचा. प्लंबरला गळती सापडेना. शेवटी मोटर बंद केली, टाकी रिकामी केली.

भिंती ओल्याच.

इकडे भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. मालकाने नवा भाडेकरू ठरवूनही टाकला होता. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

एका दुपारी ती एकटीच गेली. आतल्या खोलीतून आवाज येत होता...

सर्र... सर्र...

पाइपातून भिंतीवर पाणी पडतं, तसा.

त्या खोलीत नळच नव्हता.

तिने दारातून डोकावलं. कोणी नाही. पाइपही नाही. समोरच्या भिंतीवर ओल वरून खाली सरकत होती... एक पट्टा झाला की शेजारी दुसरा. कोपरेसुद्धा सुटत नव्हते. इतक्या निगुतीने कोपरे भिजवणारा माणूस तिने एकच पाहिला होता.

ताई नेहमीच्या अदबीने बोलली.

"बाबा, पुरे आता. घर पक्कं झालंय."

आवाज थांबला.

मग कोऱ्या फरशीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं... ती भिंतीला चिकटून उभी राहिली. पावलं तिच्या शेजारून गेली, बाहेरच्या दाराशी थांबली. बराच वेळ थांबली असावीत, तिथे थारोळं साचलं. मग फाटकाबाहेर गेली आणि उन्हात वाळली.

भिंती दोन दिवसांत कोरड्या झाल्या. रंग लागला, सगळे राहायला आले. सासूबाई अधूनमधून म्हणतात, ह्यांना एक दिवस तरी या घरात राहायला मिळायला हवं होतं. तेव्हा ताई उठून आत जाते. नवऱ्यालाही तिने काही सांगितलेलं नाही.

मला मात्र सांगितलं.

"मी पुरे म्हटलं होतं रे. जा नव्हतं म्हटलं."

दुपारी ती बाहेरचं दार मुद्दाम उघडं ठेवते. थोड्या वेळाने जाऊन पायपुसण्याला हात लावून बघते.

कोरडं असतं. तिला हायसं वाटतं.

आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.