उशिराचा बाक

आठ वाजून चार मिनिटांनी गेटच्या गजांतून आधी एक टाय आत आला, मागून धापा टाकणारा माणूस.

"जरा उघडता का? मुख्याध्यापिकांना भेटायचंय."

"त्या उशिरा येणाऱ्यांना भेटत नाहीत," किल्ली मुठीत घट्ट धरत बाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच ती."

माणूस हसला. हसणं वाईट नव्हतं... पण नियम तो नियम. बाईंनी त्याला बाजूच्या छोट्या दाराने आत घेतलं आणि उशिराच्या बाकावर बसवलं, सहावीतल्या दोन पोरींच्या मधोमध. गुडघे पार हनुवटीला. उशिराच्या वहीत कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं: 'चुकून दुसऱ्या शाळेत जाऊन तिथल्या मुख्याध्यापकांना सल्ला देत बसलो.'

"काका, तीनदा झालं की पालकांना बोलावतात हं," एक पोरगी कुजबुजली.

"माझ्यासुद्धा?"

"कुलूपबाई कुणालाच सोडत नाहीत."

हे होते मार्गदर्शक सर. एका खासगी शाळेची एकवीस वर्षं मुख्याध्यापकी करून झालेली. आता शाळाशाळांत जाऊन मुख्याध्यापकांना चार गोष्टी सांगायच्या, हे काम. घरी ते आणि आई, दोघंच. इथे त्यांना विश्वस्त मंडळाने आणलं होतं. मंडळात सात जण. सातांनी मिळून आयुष्यात एक तास शिकवलेला नाही, पण शाळा कशी चालवावी ते सातांनाही पाठ! आठ आठवडे बाईंना मार्गदर्शन आणि शेवटी अहवाल: बाई खुर्चीत राहाव्यात की जाव्यात. अध्यक्षांच्या सूनबाई तर बाईंच्या खोलीच्या पडद्यांची मापंही घेऊन गेल्या होत्या.

बाईंची सत्तावीस वर्षं या शाळेत गेली होती, त्यातली अकरा खुर्चीत. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं की त्या घड्याळ दाखवत. विचारणारा निमूट निघून जाई.

दुसऱ्या आठवड्यात सरांच्या गाडीचं चाक बसलं. पुन्हा आठ-चार. पुन्हा बाक.

"दोन झाले," बाई म्हणाल्या.

"मोजताय?"

"मोजावं लागतं. तिसऱ्याला पालक."

"बापरे... आई एक्याऐंशीची आहे माझी. अजून कान धरते."

त्यानंतर मात्र सहा आठवडे माणूस रोज दहा मिनिटं आधी हजर. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, जिन्यात सोबत चालायचा आणि नको ते विचारायचा.

"ही किल्ली कधी कुणाला देता का हो?"

"तुम्ही टाय कधी सोडता का?"

सर हसले नाहीत. "मीसुद्धा एकवीस वर्षं गेट स्वतः लावलं. मी निघालो आणि महिन्याभरात शाळा विस्कटली. कारण कुणाला शिकवलंच नव्हतं. मी त्याला शिस्त म्हणायचो, बाई... माज होता तो."

सत्तावीस वर्षांत बाईंना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला — हा माणूस आपली खुर्ची काढायला आलाय आणि आपण पावणेआठला आरशात केस सारखे करतोय! लाज वाटायला हवी होती. मेली वाटतच नव्हती.

मग शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आठ वाजले आणि सरांचा पत्ता नाही. बाईंचा हात कुलुपावर घोटाळला. अकरा वर्षांत पहिल्यांदा गेट आठ-एकला लागलं.

आठ-चारला स्वारी रमतगमत आली. घामाचा थेंब नाही. आपणहून बाकावर बसली, वही ओढली आणि लिहिलं: 'पालकांना बोलवावं म्हणून.'

दुसऱ्या दिवशी आई हजर. काठी टेकत, साडेसातलाच.

"शाळेतून पहिली तक्रार आली याची. छप्पन्नाव्या वर्षी! काय केलं या गाढवानं?"

"उशिरा आले, आई."

"खोटं! काल साडेसातपासून तुमच्या कोपऱ्यावर उभा होता. तिथून मला फोन करतो, उद्या मोकळी आहेस ना म्हणून."

बाई सरांकडे वळल्या. कान तापले होते. "माझी खुर्ची तुमच्या हातात, आणि तुम्ही असले खेळ खेळता?"

"अहवाल परवा देऊन टाकला. तो देईपर्यंतच सहा आठवडे वेळेवर येत होतो. तुमची खुर्ची खिशात ठेवून तिसरा उशीर केला असता, तर तो हलकटपणा झाला असता."

"...काय लिहिलंत?"

"बाई राहाव्यात. किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी. आणि बैठकीला पाऊण तास उशिरा येणाऱ्या विश्वस्तांना बाकावर बसवावं. पहिल्या दोन सूचना मंजूर झाल्या. तिसरीवर चर्चा चालू आहे."

बाईंना हसू आवरेना. आईने काठी आपटली. "अरे, विचारायचं ते विचार की! लहानपणापासून हे असंच. उत्तर येत असतं, पण हात वर करेल तर शपथ."

सरांनी खरंच हात वर केला.

"बोला," बाई म्हणाल्या. आवाज नेमका तेव्हाच फुटला.

"उरलेली वर्षं... तुमच्यासोबत काढली... तर चालेल?"

"उद्या सांगते."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी किल्ली उपमुख्याध्यापिकेच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली. "आणि बाई, तुम्हीच उशिरा आलात तर?"

"तर मलाही बसवायचं."

सकाळी ठीक आठला गेट लागलं. आठ-चारला गजांपलीकडे दोघं उभी होती. एकाच्या गळ्यात टाय नव्हता. उपमुख्याध्यापिकेने छोटं दार उघडलं आणि बाकाकडे बोट दाखवलं.

"शाब्बास," बाई पुटपुटल्या आणि बसल्या. बाक लहान, गुडघ्याला गुडघा लागला. कुणी मागे घेतला नाही. वहीत त्यांनी ठसठशीत लिहिलं: 'होकार देत होते.'

"बाई," उपमुख्याध्यापिका चाचरत म्हणाली, "तुमचं तिसऱ्यांदा झालं, तर... तुमच्याकडून कोण येईल?"

बाईंच्या घरी आता कुणी नव्हतं.

"आई येईल," शेजारून सर म्हणाले. "कालच विचारून ठेवलंय."