दिव्यांत ठेवलेला प्लग

धुक्यातून हातभर लांबीचा एक ट्रक घुरघुरत आला, नीरजाच्या चपलेला टेकला आणि गप्प झाला. मागे एरंडेल जळाल्याचा वास... आणि त्या वासामागून, ट्रक दुरून चालवायचा उंच तारेचा डबा हातात धरलेला भिजलेला तरुण.

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. ट्रक मात्र गेलेला दिसतोय."

"तो रोज जातो. बॅटरी काढली की थोडा धावतो, मग हाय खातो."

वलवणच्या शाळेत शिकवणारी नीरजा खरं तर घाईत होती. पण छत्री कधी त्याच्या डोक्यावर गेली, तिचं तिला कळलं नाही. त्याचं नाव दिगंबर. लोणावळ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ट्रक त्याने स्वतःच बनवलेला, इंजिन तेवढं बोटीवरच्या मामाने विलायतेहून आणलेलं. त्यात एवढासा ग्लो प्लग, आत केसासारख्या तारेचं वेटोळं. आधी ते बॅटरीने तापवायचं. मग बॅटरी काढली तरी इंजिनाच्याच धगीवर ते लाल राहायला हवं.

त्याने खिशातून दुसरा प्लग काढला. "आत बसवलाय तो थंड, हा गरम. दिसायला जुळे भाऊ. गरम धग धरून ठेवतो, पण एकच उरलाय, आणि इकडे मिळत नाही. म्हणून थंडावरच भागवतोय."

"लोणावळ्याच्या आषाढात थंड?" ती हसली. "छत्री जपायची आणि आपण भिजायचं, तशातली गत. गरम लावा."

"आणि जळला तर?"

"तर माझ्यावर रुसा."

ओंजळीच्या अंधारात वेटोळं अबोलीच्या रंगाचं झालं. दोघं एकदमच वाकले, कपाळाला कपाळ लागलं... कुणीच मागे झालं नाही. मग त्याने बॅटरी काढली आणि ट्रक मैदानभर हुंदडत सुटला, दावं सुटलेल्या वासरासारखा.

त्यानंतर शाळा सुटली की नीरजाची वाट मैदानावरूनच जायची.

"आजही वाट चुकलीस?"

"रोजच चुकते. तू सरळ कुठे दाखवतोस?"

चिंचवडच्या एका कारखान्यातले साहेब अवसेच्या दुपारी ट्रक बघायला येणार होते. ट्रक धावला तर दिगंबरला तिथे नोकरी होती. "साहेब येऊन गेले की तुला एक विचारायचंय," एवढंच तो म्हणाला होता. काय विचारायचंय ते नीरजाला ठाऊक होतं. तिला बघून गेलेल्या नाशिकच्या मंडळींची पसंती येऊन पडली होती. आईमागे तिला वाढवणाऱ्या शालूआत्याने होकार तेवढा रोखून धरला होता.

"अवसेपर्यंत थांबते, नीरू. नोकरीवाला झाला तर मीच नारळ घेऊन जाईन त्याच्या दारी. पण नुसत्या दुकानावर तुला नाही द्यायची."

आदल्या संध्याकाळी दिगंबरने गरम प्लग तिच्या तळहातावर ठेवला. "माझी खोली गळते. रात्रभर तुझ्याकडे कोरडा राहू दे."

घरात कोरडी जागा एकच — देव्हारा. तिथे समईशेजारी तो ठेवून, 'दिगंबरचा आहे' एवढंच आत्याला सांगून, सकाळी ती शाळेला गेली.

ती दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे काढून आत्या घासायला बसली. हात चालत होते, तोंडी ओवी होती —

घासते मी समई, चिंच-राख हाताला
उजेड जाऊ दे गं, माझ्या लेकीच्या वाटेला

दुपारी नीरजा घरी आली. पाटावर समई, निरांजनं, कंदील, कणकेचे दिवे... आणि त्यांच्या मधोमध लखलखणारा प्लग. त्याला हळद-कुंकू वाहिलेलं.

"तुझ्या त्याचा दिवा अगदी काळा पडला होता गं," आत्या म्हणाली. "आत केसासारखं काहीतरी अडकलं होतं, तेही काडीने काढलं. आज त्याचं काम आहे ना? म्हटलं, यालाही ओवाळावं."

आत्याच्या बोटांना अजून चिंचेचा वास होता. त्या बोटांवर रागवायचं तरी कसं? तिने प्लग उचलला आणि पावसात निघाली.

मैदानावर साहेबांची गाडी उभी होती. दिगंबरने प्लग हातात घेतला, आत पाहिलं. वेटोळं नव्हतं. हळद होती. त्याने एकदा नीरजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि साहेबांकडे वळला.

"प्लग माझ्या हातून तुटला, साहेब. दुसरा लावून बघतो."

थंड प्लग लावला. इंजिन गुणगुणलं. बॅटरी काढली, ट्रक थोडा धावला... थांबला. पुन्हा. पुन्हा थांबला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बघू पुढे-मागे," म्हणाले, आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

दिगंबरने भिजलेला ट्रक उचलून काखेत घेतला.

"आत्याने दिव्यांबरोबर घासला," नीरजा म्हणाली. "ओवाळलासुद्धा."

"मला वाटलंच. कुंकू लागलंय त्याला." तो हसायला गेला, जमलं नाही. "मी जबलपूरला जाईन म्हणतो, भावाकडे. तू... नाशिक चांगलं आहे म्हणतात."

"तुला काहीतरी विचारायचं होतं."

"आता कशाच्या जोरावर विचारू, नीरजा?"

"जोर नको. नुसतं विचार."

त्याने मान खाली घातली. पावसात त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "माझी होशील?"

"हो," ती म्हणाली.

पण नोकरी गेली होती, आणि नुसत्या दुकानावर आत्या तिला द्यायची नव्हती. मग दोघंही तसेच उभे राहिले, त्या शब्दाचं पुढे काय करायचं ते न कळून. शेवटी नीरजाने डोळे पुसले, पदर सावरला, आणि नाशिकला होकार कळव, असं आत्याला सांगायला ती घराकडे निघाली.