बंधुसभेचा द्वाररक्षक

ही गोष्ट खरी आहे. देवाशपथ म्हणत नाही, कारण शपथा घेणाऱ्या माणसांची मला आता शिसारी आली आहे. का, ते पुढे कळेलच.

तारीख १२ जुलै २०२४. शुक्रवार. दुपारचे दोन.

हो, दुपारचेच. भुताला रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कतारमधली जुलैची दुपार पाहिलेली नाही.

जागा अल वक्रा. दोह्याच्या दक्षिणेचं जुनं कोळ्यांचं गाव, आता सगळे व्हिला आणि फ्लॅट. तिथे आमच्या देवव्रत राजाध्यक्षांचा व्हिला. अंगणाच्या टोकाला पाहुण्यांसाठी वेगळी मजलीसची खोली, तिला एकच दार, आणि ते दार उघडतं थेट उन्हात.

त्या खोलीत आमची 'बंधुसभा' भरायची.

बंधुसभा म्हणजे काय विचारू नका. खरं तर विचाराच, तेवढीच माझी जळजळ कमी होईल. देवव्रतचे सासरे पुण्यात कुठल्याशा गुप्त मंडळाचे सभासद होते. सासऱ्यांचं बघून जावयाला हुक्की आली. परदेशात मराठी माणसाने एकमेकांचा सख्खा भाऊ व्हायचं, असं ठरलं. त्यासाठी शपथ, सांकेतिक शब्द, छातीवर तिरपे पट्टे आणि 'महाबंधू' नावाचं पद. महाबंधू कोण, हे सांगायची गरज नाही.

आत बसणारे आम्ही नऊ जण. सगळे इंजिनियर, मॅनेजर. घरी पोरं मराठीत उत्तर देत नाहीत, बायका ऐकत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा पट्टे घालून एकमेकांना 'बंधुवर्य' म्हणायचं. मी सचिव होतो. नोकरी एका गॅस प्लँटच्या सेफ्टी विभागात. हसा.

आणि दहावा होता रामेश्वर.

रामेश्वर परभणी जिल्ह्यातला, जिंतूरजवळचा. एसीचा मेकॅनिक. राहायला बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात, एका खोलीत सहा जण. देवव्रतचा एसी दुरुस्त करायला आला आणि मराठी बोलला म्हणून सभेत घेतला.

घेतला म्हणजे दाराबाहेर उभा केला.

नियमच होता तसा. सभा सुरू झाली की आतून कडी. बाहेर द्वाररक्षक. महाबंधूने टेबलावर लाकडी हातोडी तीनदा आपटायची. द्वाररक्षकाने बाहेरून दारावर तीनदा ठोकायचं. म्हणजे सभा सुरक्षित. शेवटी महाबंधू मोठ्याने म्हणणार, "द्वाररक्षक, मोकळे व्हा." तोवर त्याने जागा सोडायची नाही. एक शब्दही बोलायचा नाही.

हे काम दर महिन्याला वेगळ्याने करायचं असं मीच लिहिलं होतं. दर महिन्याला रामेश्वरनेच केलं.

"आमचं काय जातंय दादा," तो म्हणायचा, "मला सवय हाय उन्हाची."

त्या दिवशी मात्र तो खुशीत होता. सभेचा शेवटचा विषय त्याचाच होता. त्याला आत घ्यायचं, पट्टा द्यायचा, 'बंधुवर्य' करायचं. पांढरा शर्ट कडक इस्त्री करून आला होता.

"बायकोला फोटो धाडायचाय," म्हणाला. "तिला खरंच वाटंना."

मी म्हणालो, "अर्ध्या तासात बोलावतो आत."

कडी लावली.

तीन ठोके आतून.

तीन ठोके बाहेरून.

मग देवव्रत उठला आणि नवीन पट्टा केशरी असावा की जांभळा, यावर बोलू लागला.

तुम्हाला एक सांगतो. इथे उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन कामगाराला उघड्यावर कामाला लावायचं नाही, असा सरकारचा नियम आहे. मी स्वतः त्याचे बोर्ड लावत हिंडतो. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. अंगणात सावलीचा पत्ता नाही. आत एसी अठरावर.

जांभळा राजेशाही दिसतो, असं एकाचं म्हणणं. केशरीत आपली अस्मिता, असं दुसऱ्याचं. पाऊण तास झाला.

आणि मग...

टक. टक. टक.

देवव्रतने कपाळाला आठी घातली. "मध्येच ठोकायचं नसतं. त्याला सांगितलेलं नाही का?"

"अरे, त्याला काही हवं असेल," अश्फाक म्हणाला. अश्फाक रत्नागिरीचा, आमच्यातला एकटा धड माणूस. "उन्हात आहे तो. बघून येतो मी."

"बंधुवर्य, बसा. सभा चालू असताना दार उघडत नाहीत."

अश्फाक बसला.

पाच मिनिटांनी पुन्हा...

टक... टक... टक.

या वेळी आवाज खालून आला. पहिला खांद्याच्या उंचीवरून आला होता. हा कमरेच्या.

मी दाराला सगळ्यात जवळ होतो. कडी माझ्या हाताच्या अंतरावर. मी ऐकलं. उंची बदलली हेसुद्धा मला कळलं. आणि मी मान खाली घालून वहीत लिहिलं, 'जांभळ्या रंगावर चर्चा.'

शेवटचा ठोका एकच होता.

जमिनीलगत. उंबऱ्यावर.

नंतर काही नाही.

सव्वातीनला देवव्रत म्हणाला, "द्वाररक्षक, मोकळे व्हा." मी कडी काढली. दार उघडेना. त्याच्या अंगाचा भार होता त्यावर.

पोलिसांना काय सांगितलं? तो देवव्रतकडे यायला निघाला होता आणि गल्लीत पडला, आम्ही उचलून आत आणला. देवव्रतनेच जुळवलं सगळं. परवानगी नसलेली सभा, परदेश, आपल्या नोकऱ्या, बायकापोरं. नऊ सुशिक्षित माणसांनी माना डोलावल्या. भावासाठी प्राण देईन अशी शपथ घेतलेली नऊ माणसं. थू.

रामेश्वरच्या बायकोला फोन मी केला. सचिव ना मी. तिचं नाव चंद्रकला.

तिने एकच विचारलं. "दादा, खरं सांगा, शेवटाला त्यांना पानी भेटलं का?"

मी म्हणालो, "हो वहिनी. मीच पाजलं. माझ्या हाताने."

ती रडली. "लई उपकार झाले," म्हणाली.

देवव्रतने तिला सांत्वनाचं पत्र आणि सभेचा फ्रेम केलेला फोटो पाठवला. फोटोत आम्ही नऊ जण, पट्टे घालून. रामेश्वर त्यात नाही. फोटो त्यानेच काढला होता.

इथे थांबलो असतो तर माणसं म्हणवून घ्यायला जागा राहिली असती. पण नाही. सोळा ऑगस्टला, शुक्रवारी दोन वाजता, आम्ही पुन्हा जमलो.

विषय होता नवा द्वाररक्षक नेमणे.

बाहेर उभं राहायला कोणी तयार होईना. सगळ्यांचे गुडघे, बीपी, साखर एकदम वर आली. शेवटी देवव्रत म्हणाला, "आज दाराबाहेर कोणी नको." मी कडी लावली. सवयीने त्याने हातोडी उचलली. तीनदा आपटली.



टक. टक. टक.

बाहेरून.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी मोजले. नऊ. सगळे आत.

अश्फाकने झटक्यात कडी काढली. अंगण रिकामं. गेट बंद. डोळे दिपवणारं ऊन आणि बाजूच्या व्हिलाच्या एसीची घरघर. बस्स.

"पोरं असतील शेजारची," देवव्रत म्हणाला. आवाज मात्र पातळ झाला होता. आणि या महाभागाने दार लावायला सांगून सभा पुढे चालू ठेवली!

पाऊण तासाने...

टक... टक... टक.

कमरेच्या उंचीवरून.

कोणी हललं नाही. एकाने घसा खाकरला. मी वहीकडे बघत राहिलो. 

"या अल्ला," अश्फाक पुटपुटला. "तेव्हा उठलो असतो तर..."

मग आला एकच ठोका. जमिनीलगत.

देवव्रत ताडकन उठला. चेहरा खडूसारखा. "द्वाररक्षक, मोकळे व्हा!" तो ओरडला. "मोकळे व्हा! मोकळे व्हा!"

आवाज बंद झाला.

एक मिनिट. दोन मिनिटं. आम्ही श्वास सोडला.

आणि देवव्रतच्या खुर्चीमागून...

टक. टक. टक.

तिथे दार नाही. खिडकी नाही. नुसती भिंत आहे.

पट्टे तिथेच टाकून आम्ही नऊ बंधू असे पळालो की एकाने दुसऱ्याकडे वळून पाहिलं नाही. रात्री एकेक जण व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. अकरा महिन्यांची बंधुसभा खलास. देवव्रत आता दोह्यातल्या द पर्ल या श्रीमंत वस्तीत राहतो. मॉलमध्ये दिसला तर मान फिरवतो. मीही फिरवतो.

तुम्ही म्हणाल, संपलं. मलाही तेच वाटलं होतं.

गेल्या शनिवारी चंद्रकलाचा फोन आला. वर्षभराने. घाबरलेली नव्हती. जरा वैतागलेली होती.

"दादा, तुमची मानसं गावाकडं आलीत का?"

"कुठली माणसं?"

"ते फोटूतले. आठ जन हायेत. दर शुक्करवारी दुपारच्याला माझ्या दाराम्होरं उन्हात उभे ऱ्हातेत. बोलत न्हाईत. मी बसा म्हनले, बसंनात. सासूला दिसत न्हाईत, मलाच दिसतेत. काल तांब्या भरून नेला. तुम्ही त्यांना पानी पाजलं व्हतं, म्हनून म्हनलं आपन बी पाजावं. घेतच न्हाईत. नुसते दाराकडं बघतेत."

मी विचारलं, "आणि... मी?"

"तुम्ही न्हाईत त्यात. मंधी एका मानसाची जागा सोडलेली ऱ्हाती." मग तिने विचारलं, "त्यांना आत घेऊ का, दादा? तुम्ही म्हनाल तसं करते."

नीता, माझी बायको, समोर बसून ऐकत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. हो म्हणालो असतो तर सगळं सुरळीत राहिलं असतं. माझं खोटं, तिचा विश्वास, दोन्ही.

पण तिने पुन्हा 'दादा' म्हटलं, आणि मला पुढे खोटं बोलवेना.

"वहिनी, मी पाणी नाही पाजलं," मी म्हणालो. "तो आमच्या दाराबाहेर उभा होता. आम्ही उभा केला होता. त्याने दार वाजवलं. तीनदा. मी ऐकलं होतं. मी उघडलं नाही."

 



मग ती बोलली. रडत नव्हती. शिव्याही दिल्या नाहीत.

"मंग उभेच ऱ्हाऊ द्या त्यांना," म्हणाली.

आणि फोन ठेवला.

नीता उठून आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बरोबरच आहे तिचं.

रविवारी मी अश्फाकला गाठलं. सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने मुकाट्याने बूट काढले, मोजे काढले. तळपाय भाजलेले. लालभडक, जागोजागी फोड.

"शुक्रवारी नमाजवरून येतो, जेवतो, झोपतो," तो म्हणाला. "घराबाहेर पाऊल टाकत नाही मी. उठलो की हे असं. बाकीच्यांना विचारलं, कोणी कबूल करत नाही. पण देवव्रत लंगडतो, बघितलंस का?"

माझे पाय आज सकाळी नीट बघितले. अजून काही नाही. स्वच्छ आहेत.

आज गुरुवार आहे.